चौथे ताट

मागच्या महिन्यात इंदूरहून सूनबाईचा फोन आला. नव्या घरात राहायला गेल्यावर तिने कडा उडालेली जुनी ताटे बाजूला काढली होती आणि रोजच्या वापरासाठी कोणती घ्यावीत, असे ती मला विचारत होती. "आई, टिकाऊ सांगा हं. दर दोन वर्षांनी कोण बदलत बसणार?" प्रश्न साधा होता. माझे सगळे नोकरीचे आयुष्य धारच्या शाळांमधून गणित आणि विज्ञान शिकवण्यात गेले. धातूंचे गुणधर्म हा तर माझ्या हातचा धडा. तरीही मी तिला म्हटले, "विचार करून सांगते." ती हसली. "ताटांचा काय विचार करायचा, आई?" विचार ताटांचा करायचा नव्हताच. टिकाऊ म्हणजे काय, हे मला आधी ठरवायचे होते. आणि ते ठरवायला बसले की मी दरवेळी धारच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचते, जिथे आम्ही काही महिने ताटांशिवाय जेवलो.

आमचे घर तलावाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होते. घरात आम्ही चौघे. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवीत; कोणी एक पूर्वज दरबारात कारकून होते, त्यांची वळणदार अक्षराची हौस तेवढी अण्णांपर्यंत पोहोचली होती. आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेली कुमुद. मी अकरा वर्षांची होते, ती सहाची. उंबऱ्याच्या आत आमचे मराठी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना जुनाट वाटे, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच आम्ही हिंदी-माळवीत शिरत असू. स्वयंपाकघरात भिंतीला लागून चार पाट मांडले जात. प्रत्येकाचे ताट ठरलेले होते, सगळी पितळेची. अण्णांचे काठाचे, जड. ते जमिनीवर टेकले की घुमल्यासारखा खोल आवाज येई. आईचे त्याहून पातळ. माझ्या ताटाला एके ठिकाणी पोचा होता, त्यामुळे वरण नेहमी एका बाजूला जमे. कुमुदची ताटली सर्वांत लहान, म्हणून तिचा आवाज सर्वांत उंच. भूक लागली किंवा कोशिंबीर आणखी हवी असली की ती तोंडाने मागत नसे. ताटलीच्या काठावर नखाने टिचकी मारी. टिंग. आई म्हणे, "कुमे, ताट वाजवू नये, चांगलं नसतं ते." त्यावर कुमुदचे उत्तर ठरलेले होते. "मी कुठं वाजवतेय? ती आपोआप वाजते."

पितळेच्या भांड्याविषयी दोन शब्द येथे सांगणे जरूर आहे, कारण आज ते फारसे कोणाच्या वापरात नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. नुसत्या पितळेत ताक, कढी, चिंचेचे सार असे काही आंबट ठेवले तर ते धातूशी झुंजते, हिरवट पडते, जिभेला कसेसेच लागते. याला आम्ही कळकणे म्हणतो. कळकलेले अन्न पोटात गेले तर उलट्या होतात. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ, पांढरा थर देतात. ही कल्हई. घासून घासून ती झिजते, तळातून पिवळे डोकावू लागते, आणि मग ती पुन्हा करावी लागते. एवढीच त्या भांड्यांची अट होती. पितळ पिढ्यान्पिढ्या टिकते. टिकत नाही तो थर. आणि थराची आठवण कोणीतरी ठेवावी लागते.

आमच्या घरी ती आठवण ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. अण्णांनी मला त्यासाठी एक वही आखून दिली होती. डाव्या बाजूला भांड्याचे नाव, मध्ये संख्या, उजवीकडे रिकामी चौकट. कल्हईवाले चाचा गल्लीच्या तोंडाशी भाता पुरून बसले की मी भांडी एकेक करून न्यायची, परत आलेले भांडे उजेडात धरून पाहायचे आणि मगच चौकटीत खूण करायची. "न पाहता खूण म्हणजे खोटी साक्ष," अण्णा म्हणत. नवसागराच्या धुराने डोळे चुरचुरत, भांडे तापून लाल होई, चाचा कापसाचा बोळा एकदाच आतून फिरवीत आणि पिवळ्याचे पांढरे होई. इतकी वर्षे विज्ञान शिकवले, पण त्या क्षणाइतका थक्क करणारा प्रयोग मला वर्गात कधी दाखवता आला नाही.

त्या वर्षीच्या कल्हईच्या दिवशी ताटलीची पाळी आली तेव्हा कुमुद दाराच्या मागे उभी होती. ताटली तिने फ्रॉकच्या आत पोटाशी धरली होती. तळाची कल्हई पार गेली होती आणि मधोमध पितळ उघडे पडले होते. चिंचेने घासले की त्यात तिला स्वतःचे तोंड पिवळे दिसे. "ताई, माझी नको ना देऊ. ही सोन्याची झालीय."

"वेडाबाई, सोनं नाही ते. पितळ आहे."

"तुझ्यासाठी पितळ आहे." तिने ताटली आणखी घट्ट धरली. "चाचा पांढरी करून टाकतील. मग मी दिसणार नाही."

"बरं. पुढच्या खेपेला. पण तोवर हिच्यात कढी-ताक घ्यायचं नाही. शपथ?"

"शपथ. गळ्याची," ती म्हणाली आणि माझ्याच गळ्याला हात लावला.

संध्याकाळी अण्णांनी वही मागितली. 'ताटली, लहान – एक' यापुढची चौकट रिकामी होती. रिकामी चौकट दिसली की अण्णा कारण विचारणार, कारण सांगितले की कुमुदच्या हातून ताटली काढून घेतली जाणार, ती रडणार. मी खूण केली. माझ्या हातून झालेली ती एकच खोटी खूण. हे मी अभिमानाने लिहीत नाही; पुढे शाळेत हजारो वह्या तपासताना प्रत्येक खुणेपाशी माझा हात किंचित थबकत असे, म्हणून लिहिते.

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले असतील. गल्लीतल्या विहिरीला गढूळ पाणी आले होते आणि दोन घरची मुले आजारी होती. कुमुदला एका दुपारी उलट्या सुरू झाल्या. अण्णा तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हाही ती त्यांच्या खांद्यावरच होती. यापलीकडे त्या दोन दिवसांचे वर्णन मी करणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, "पानी से हुआ है, मास्साब. पूरे मोहल्ले में चल रहा है।" अण्णांनी ते वाक्य आईला सांगितले. मग ते मधल्या खोलीत गेले, फडताळातून माझी वही काढून घेऊन आले आणि आईसमोर उघडी धरली. "हे बघ. सगळ्या भांड्यांना कल्हई झालेली होती. ताटलीलासुद्धा. सुमेची खूण आहे. घरातल्या कशानं काही झालेलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस." आईने वहीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी दाराची चौकट धरून उभी होते.

तेरावा झाल्यावर मी ताटली मांडणीवरून उचलली आणि गव्हाच्या कोठीत खोल खुपसून ठेवली. त्या दिवसापासून, आणि हा योगायोग आहे असे मी तेव्हा समजत होते, आईने ताटे वाढणे बंद केले. बाजाराच्या दिवशी भिलणी खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या पत्रावळी विकायला आणीत. आईने त्यांचा एक मोठा गठ्ठा घेतला आणि रोज दोन्ही वेळा पत्रावळीवर वाढू लागली. अण्णांनी विचारले तेव्हा म्हणाली, "घासायचा कंटाळा येतो." आईला कोणत्याही कामाचा कंटाळा आलेला त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. पितळेची ताटे मांडणीवर उभी राहिली आणि हळूहळू काळवंडू लागली. शेजारच्या काकी एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "मास्टरनी बई, थाँके याँ रोज कई को जीमण है?" आमच्याकडे रोज कसली पंगत असते, अशी त्यांना गंमत करायची होती. आईचा चेहरा पाहून त्या उंबऱ्यावरूनच परत फिरल्या.

पत्रावळीवर जेवणे वाईट नसते. लग्नकार्यात, पंगतीत आपण आनंदाने जेवतो. पण रोज, तिघांनी, बंद घरात पत्रावळीवर जेवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिला आवाज नसतो. भात पडतो, वरण द्रोणातून झिरपते, वाळके पान बोटाखाली करकरते, एवढेच. जेवण झाले की पाने गुंडाळून बाहेर टाकायची आणि जागा पुसायची. मागे काही उरत नाही. आपण जेवलो की नाही, याची घरात खूणच राहत नसे. त्या शांततेत एक दिवस मी तो आवाज ऐकला. टिंग. मी मान वर केली. चौथ्या पाटाची जागा मोकळी होती. अण्णा खाली बघून जेवत होते. पण आईचा घास हातातच थांबला होता, आणि तिची मान, माझ्यासारखीच, मांडणीच्या दिशेला वळली होती. आमची नजर एकमेकींशी भिडली आणि दोघींनी ती खाली घातली. असे पुढे बऱ्याच वेळा झाले. वाक्याला कारण जोडल्याशिवाय ते सोडून देणे मला आवडत नाही, विद्यार्थ्यांनाही मी ते करू दिले नाही. पण या वाक्याला जोडायला माझ्याजवळ आजही कारण नाही. एवढेच सांगते की आवाज उंच होता, आणि त्या वेळी घरात कोणाच्याही हाताखाली धातूचे काही नव्हते.

आई दिवसेंदिवस वाळत गेली. ती वाढायची, आम्ही उठलो की एक लहान पत्रावळ घ्यायची, दोन घास खायची. कढी तिने पुन्हा केली नाही. अण्णांना तिच्या दुःखाचा मार्ग सापडत नव्हता. पण अण्णांचा स्वभाव असा की मोठे उदाहरण सुटेना तर त्यातला सोडवता येण्याजोगा एक भाग आधी सोडवायचा. त्यांनी ठरवले की घरात ताटे आली पाहिजेत, आणि ती पितळेची असता कामा नयेत. देवासला माझी आत्या राहत असे. तिच्या यजमानांची तिथल्या कारखान्यात नोकरी होती. तिने पत्रात लिहिले, "इथे स्टीलचे नवे दुकान झाले आहे, माल भारी मिळतो. वहिनीला घेऊनच ये. तिला घराबाहेर काढ." ताटे धारलाही मिळाली असती, हे अण्णांना ठाऊक होते. आम्ही इंदूरला बस बदलून देवासला गेलो. सगळ्या प्रवासात आई खिडकीबाहेर पाहत होती.

टेकडीच्या पायथ्याकडच्या बाजारातले ते दुकान मला अजून दिसते, कारण एवढा चकाकणारा पांढरा प्रकाश मी तोवर कोणत्या दुकानात पाहिला नव्हता. अण्णांनी खिशात शाळेच्या प्रयोगशाळेतला लोहचुंबक आणि एक लिंबू आणले होते. दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याने आधी तामचिनीची ताटे काढली. अण्णांनी एक हातात घेऊन काठ दाखवला. "टवका उडाला की आतून लोखंड गंजतं." मग जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची. "हलकी आहेत, पण आंबट सोसत नाहीत, काळी पडतात." चिनी मातीची पाहिली, ती सुंदर होती, निळ्या काठाची. "पडली की संपली." काशाचे ताट अण्णांनी प्रेमाने बोटांनी वाजवले, कान लावून ऐकले आणि आईकडे पाहून पटकन खाली ठेवले. शेवटी स्टीलची आली. अण्णांनी एकेक ताट तळहातावर तोलले, काठ मुडपलेला आहे की धारदार ते अंगठ्याने पाहिले, ताट सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहिले, चांगल्या स्टीलला चिकटत नाही म्हणून चुंबक लावला, लिंबू पिळून रुमालाने पुसले.

दुकानदार हात बांधून पाहत होता. "मास्साब, थाली लेने आए हो के लड़की देखने?"

"रोज की चीज़ है भिया," अण्णा म्हणाले. "लड़की तो एक बार देखते हैं. थाली दिन में दो बार देखनी पड़ती है."

तो खदखदून हसला. आत्याही हसली. आई मात्र पुढे झाली. तिने एक ताट उचलले, तळावर बोट फिरवले आणि त्या बाजारात प्रथमच तोंड उघडले. "ह्याला कल्हई लागत नाही?"

"कलई? अरे बई, ये तो अंदर-बाहर एक है. जैसा ऊपर, वैसा नीचे. कुछ चढ़ाना नी, कुछ उतरना नी."

"म्हणजे कोणी काही विसरू शकत नाही," आई म्हणाली. हे ती कोणाला म्हणाली, ते अण्णांना कळले नाही. मला कळले असे वाटले.

"तीन द्या," अण्णा म्हणाले.

दुकानदाराचे हसू गेले. "तीन? मास्साब, तीन थाली घर में कोई ले जाता है क्या? दो लो, चार लो." तो बरोबर बोलत होता. आमच्यात पानात तीन पोळ्या वाढत नाहीत. वाढायच्याच झाल्या तर एकीचा तुकडा मोडून वेगळा ठेवतात. तीनचा आकडा गेलेल्या माणसाच्या पानासाठी. अण्णांना हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होते, पण त्या दिवशी त्यांनी केवळ माणसे मोजली होती. आत्याने त्यांच्या बाहीला हळूच ओढले. "चार घे रे. एक आल्यागेल्याला होईल."

"चार द्या," अण्णा म्हणाले.

"नाम डलवाना है? अपने याँ नाम का पैसा नी लगता." दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे कारागीर छिन्नी आणि हातोडी घेऊन बसले होते. त्या काळी स्टीलच्या भांड्यावर नाव घालण्याची हौस घरोघर होती. लग्नामुंजीत भांडी एकमेकांकडे जात, नावावरून ओळखून परत येत. अण्णांनी मला कागद-पेन्सिल दिली. "सुमे, शुद्ध लिही. एका ताटावर एक नाव." आणि ते पैसे द्यायला वळले.

चौथ्या ताटावर काय लिहायचे, हे त्यांनी सांगितले नाही. ते कोरे राहणार, हे मला समजेलच असे त्यांनी धरले असावे. मी लिहीत गेले. शाळेच्या अर्जावर, रेशनच्या कागदावर, दिवाळीच्या पत्राखाली मी आमची नावे नेहमी एकाखाली एक, त्याच क्रमाने लिहीत आले होते. हात क्रमाने गेला. वडिलांचे नाव, आईचे, माझे, आणि मग कुमुद. मी कागद म्हाताऱ्या कारागिरांना दिला. त्यांनी चष्मा पुसला, ताट उलटे मांडीवर घेतले आणि छिन्नी टेकवली. टिक, टिक, टिक. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटू लागले. त्या आवाजाने मला तंद्री लागली होती. मी काय लिहिले आहे, हे त्यांनी चौथे ताट उचलेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. लक्षात आले तेव्हा 'कु' झाला होता. मला ओरडता आले असते. मी ओरडले नाही. का, ते सांगता येत नाही. कदाचित तिचे नाव कोणीतरी लिहीत आहे, हे मला पाहायचे होते.

अण्णांनी ताटे घेतली आणि शिक्षकाच्या सवयीने एकेकाचे शुद्धलेखन तपासले. पहिले, दुसरे, तिसरे. चौथ्यापाशी ते थांबले. आत्याने तोंडाला पदर लावला.

"क्या हुआ मास्साब? मात्रा गलत हो गई?"

"हे..." अण्णांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "ये घिस के निकल जाएगा क्या?"

"घिस के? भिया, यही तो स्टील है. थाली घिस जाएगी, नाम नी जाएगा." मग आमचे चेहरे पाहून त्याचा सूर उतरला. "कोई बात नी. दूसरी ले लो. ये मैं रख लूँगा, निकल जाएगी किसी कुमुद के याँ."

"नाही," आई म्हणाली. तिने अण्णांच्या हातातून ते ताट काढून घेतले. "हे कुठं जायचं नाही. ह्यात मी जेवेन. माझ्या नावाचं आल्यागेल्याला वाढा."

"अगं, असं कसं..."

"असंच." त्या एका शब्दात कितीतरी दिवसांनी आमची आई बोलली.

त्या संध्याकाळी आत्याच्या अंगणातल्या नळाखाली आई नवी ताटे धूत होती आणि मी ती कोरड्या फडक्याने पुसत होते. आत अण्णा आणि आत्या बोलत होते. मी तीन ताटे पुसली. चौथे हातात आले तसे मला पुढे जाता येईना. "आई," मी म्हटले, "त्या ताटलीला कल्हई झाली नव्हती. मी दिलीच नाही चाचांना. खूण खोटी होती."

आईचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे."

नळाचे पाणी वाहत होते.

"मांडणीवरून मीच घेतली होती ना ती," आई म्हणाली. "तळ पिवळा दिसला. कढी पळीत होती. म्हटलं, दुसरं ताट घ्यावं. पण ती बसली होती टिचक्या मारत. म्हटलं, आजचा दिवस जेवू दे, उगाच रडेल. आणि वाढली." तिने नळ बंद केला. "ती म्हणाली होती, 'आई, ताईनं हिच्यात कढी नको म्हटलंय.' मी म्हटलं, 'जेव गं, काही होत नाही.'"

म्हणजे कुमुदने शपथ मोडली नव्हती. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आले, आणि त्यानेच मला रडू कोसळले. आईने ओल्या हातांनी माझे तोंड पुसले. ते तिने बऱ्याच दिवसांत केले नव्हते.

"अण्णांना सांगू?" मी विचारले.

आईने पदराला हात पुसले. "नको. त्यांना धरायला ती वही एवढीच आहे. ती काढून घेऊ नकोस. आपण दोघी आहोत."

आत जाऊन तिने पाने वाढली. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. कुमुदच्या नावाचे ताट स्वतःसमोर ठेवले आणि आमच्याबरोबर बसून जेवली. आईच्या नावाचे ताट आत्यापुढे होते. चौघांच्या ताटांचा नवा, पातळ, एकसारखा आवाज होता. अण्णा मधूनमधून तिच्याकडे पाहत होते आणि डोळे पुसत होते. लोहचुंबक आणि लिंबू कामी आले, असे त्यांना वाटत असावे. तसे वाटू देण्यात मला पुढे कधी चूक दिसली नाही.

धारला परतल्यावर मी आधी गव्हाच्या कोठीपाशी गेले. आता लपवण्याचे कारण उरले नव्हते. कोपरापर्यंत हात घातला, ताटली नव्हती. सगळा गहू उपसला, तरी नव्हती. आई दारात उभी राहून पाहत होती. "मांडणीवर बघ," ती म्हणाली. मांडणीवर काळवंडलेल्या मोठ्या ताटांच्या मागे एक लहान ताटली उभी होती, आतून पांढरीशुभ्र. दळण काढताना आईच्या हाताला ती लागली होती आणि मी शाळेत असताना तिने ती चाचांकडून कल्हई करून आणली होती. ज्या ताटलीत आता कोणीच जेवणार नव्हते, तिला. मी रोज तिच्यासमोरून गेले होते आणि पांढरी झाल्यामुळे तिला ओळखले नव्हते. आवाज ज्या दिशेने येई, ती दिशा हीच होती.

शिक्षिका झाल्यावर मी या साऱ्याचा हिशेबाने विचार केला. एका जेवणापुरती, पाव तास ताटलीत राहिलेली कढी एवढे तांबे सोडत नाही की मूल दगावेल; पोट दुखेल, उलटी होईल. आजारी पडलेल्या इतर दोन मुलांच्या घरी तर जर्मलची भांडी होती. पाणीच कारण होते, डॉक्टर बरोबर होते. मी ही मांडणी अनेकदा केली आणि ती दरवेळी पायरी-पायरीने सुटते. फक्त शेवटच्या ओळीपाशी सहा वर्षांचे, आधीच पोट बिघडलेले एक मूल येऊन बसते, आणि त्या ओळीपुढे मला खूण करता येत नाही. अण्णा गेले ते वहीवर विश्वास ठेवून गेले. आई अखेरपर्यंत त्याच ताटात जेवली. आता त्या ताटात मी जेवते. सतत घासून त्याची चकाकी गेली आहे, पण ठिपक्यांची अक्षरे जशीच्या तशी आहेत. दुकानदाराने सांगितले होते तसेच झाले. ताटलीही आहे. तिची कल्हई मधोमध विरली असून पिवळे दिसू लागले आहे. धारमध्ये आता भाता पुरून बसणारे कोणी मला माहीत नाही. तिच्या काठावर नख मारून पाहावे, असे पुष्कळदा मनात येते. आवाज जुळला तर काय आणि नाही जुळला तर काय, हे ठरवता न आल्याने मी ते केलेले नाही.

आठ दिवसांनी मी सूनबाईला फोन केला आणि माझे उत्तर क्रमाने सांगितले. स्टीलचीच घे. तळहातावर तोलून बघ, काठ मुडपलेला असू दे, सपाट जागी ठेवून डुगडुगत नाही ना ते पाहा. आणि चार घे.

"चार? आई, आम्ही तर तिघंच आहोत."

"म्हणूनच चार."

मागे नातीचा आवाज येत होता. ती चमच्याने काहीतरी वाजवत होती. "बरं. चौथं मग तुमचं. तुम्ही याल तेव्हा."

"नको," मी म्हटले. "मी येताना माझं ताट घेऊन येईन. चौथं तसंच मांडणीवर राहू दे. आणि तिला वाजवू दे. रागावू नकोस."